चीनच्या कारखान्यातून थेट इंदूरला? एक खुलासा

इंदूरच्या मराठी ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: 'शीतलामाता बाजारात घासाघीस कशाला? ॲपवरचा दीडशेचा कुर्ता चीनच्या कारखान्यातून थेट घरी येतो. पाच हजारांपर्यंत भेटवस्तू म्हणून कस्टम लागत नाही.'

कस्टमचं आधी. ही सवलत पूर्वी होती, आणि चिनी ॲप विकलेला माल 'भेट' म्हणून पाठवत. म्हणूनच डिसेंबर २०१९ मध्ये पोस्ट-कुरिअरने भेट म्हणून कस्टम न भरता माल आणायला बंदी आली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. (फक्त राखी; सोबतची भेट नाही!) २०२० मध्ये शीन, क्लब फॅक्टरी, अलीएक्सप्रेस ही चिनी ॲप भारतात बंद झाली. शीन २०२५ मध्ये परतलं ते रिलायन्समार्फत, भारतात शिवलेले कपडे घेऊन.

मेसेजमधलं वर्णन बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलंय. तिथे ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल करमुक्त होतं, म्हणून शीन आणि टेमूसारखी ॲप व्यापाऱ्यांची साखळी वगळून चीनमधूनच एकेक पाकीट विमानाने ग्राहकाच्या नावे पाठवत. चिनी मालासाठी ती सवलत मे २०२५ मध्ये संपली, बाकीच्यांसाठी ऑगस्टमध्ये.

आपल्या ॲपवरचा स्वस्त कुर्ता बहुतेकदा सुरत-जयपूरकडच्या विक्रेत्याचा असतो. मोबाइल कव्हर, एलईडी माळा चिनी असतात खऱ्या, पण त्या आयातदाराने कंटेनरने आणलेल्या. ॲपवर मालाच्या माहितीत मूळ देश लिहिणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. मेसेज पुढे पाठवण्याआधी तेवढं वाचा.