हल हाउस म्हणजे श्रीमंत बाईची हौस? एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकन समाजसुधारक जेन अ‍ॅडम्स आणि तिचं हल हाउस (गरीब वस्तीत तिथल्याच लोकांमध्ये राहून काम करण्याचं केंद्र) यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅडम्स वडिलांच्या पैशावर जगणारी बाई, शिकागोच्या कामगारवस्तीत राहायला येऊन तिने उपाशी लोकांना चित्रं दाखवली. हक्क मिळवले ते संघटनांनी, आणि मी मात्र तिला देव्हाऱ्यात बसवलं.

पैशाचं खरं आहे. १८८९ मध्ये मैत्रीण एलन गेट्स स्टारबरोबर तिने हॉल्स्टेड स्ट्रीटवर हल हाउस सुरू केलं ते वारशाच्या पैशावरच, आणि सुरुवातही वाचन-चित्रांनीच झाली. पण पहिल्याच नाताळात तिने मुलांना कँडी वाटायला घेतली, तेव्हा काही मुलींनी ती घेतलीच नाही. त्या मुली कँडीच्याच कारखान्यात सहा आठवडे सकाळी सात ते रात्री नऊ राबत होत्या. कँडी नजरेसमोरही नकोशी झाली होती. माझ्या मते हौस इथेच संपली.

संघटना विरुद्ध हल हाउस ही तुमची मांडणी तर मला मुळीच पटत नाही. बुकबाइंडर मेरी केनी कामगार बायकांच्या युनियनच्या बैठका तिथेच घ्यायची. संप लांबला की एकट्या राहणाऱ्या मुली आधी माघार घेत, कारण भाडं थकायची धास्ती. म्हणून त्यांनी एकत्र बिऱ्हाड केलं, जेन क्लब. पहिल्या महिन्याचं भाडं अ‍ॅडम्सने भरलं, पुढचा कारभार मुलींचा. याला भीक म्हणायचं, तर संपाच्या फंडाला काय म्हणाल?

समाजसुधारक फ्लोरेन्स केली हल हाउसमध्ये राहायला आली १८९१ च्या अखेरीस. तिच्या पाहणीतून आणि रेट्यातून इलिनॉयचा १८९३ चा कायदा झाला: कारखान्यात चौदा वर्षांखालची मुलं नकोत, बायकांना आठ तासांहून जास्त काम नको. मुख्य कारखाना निरीक्षकही तीच. कारखानदार कोर्टात गेले, आणि १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने करार-स्वातंत्र्याच्या (मालक-कामगारांनी हव्या त्या अटींवर करार करण्याच्या हक्काच्या) नावाखाली आठ तासांचं कलम रद्द केलं. चित्रं दाखवली म्हणून कोणी कोर्टात जात नाही हो!

(त्याच वर्षी अ‍ॅडम्स वॉर्डाची कचरा-निरीक्षक झाली. पहाटे कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरायची.)

टीकाच करायची तर १९०१ चा तिचा लेख काढा. काळ्या लोकांच्या लिंचिंगचा (जमावाने खटल्याविना ठार मारण्याचा) तिने निषेध केला खरा, पण मारले गेलेले बलात्काराचे गुन्हेगार असावेत हे वादापुरतं गृहीत धरून. काळी पत्रकार आयडा बी. वेल्सने त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं, आकडे मांडून: बहुसंख्य प्रकरणांत बलात्काराचा नुसता आरोपसुद्धा नव्हता.