चौदा दिवसांची चाचणी आणि सहा तासांचे अर्धायुष्य

मुख्यतः स्कॅनसाठी टोचली जाणारी किरणोत्सारी औषधे रुग्णालयात कशी तयार करावीत, याचे नियम सांगणारे अमेरिकेच्या औषधसंहितेतील, म्हणजे युनायटेड स्टेट्स फार्माकोपियातील, ८२५ क्रमांकाचे प्रकरण नोव्हेंबर २०२३ पासून बंधनकारक मानले जाऊ लागले. त्याविरुद्ध एक युक्तिवाद सर्रास पुढे पाठवला जातो. तो थोडक्यात असा: ही औषधे किरणोत्सारी असल्यामुळे त्यांत जंतू जगूच शकत नाहीत, रुग्णालये अनेक दशके साध्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याच्या खोलीत, ती बनवत आली आणि काही बिघडले नाही, आता मात्र लहानातल्या लहान रुग्णालयालाही हवा गाळून धूळ आणि जंतू दूर ठेवणारा लाखो डॉलरचा स्वच्छ कक्ष बांधावा लागेल, कर्मचाऱ्यांना जास्त किरणोत्सार सोसावा लागेल आणि हे सारे रुग्णाच्या बिलात उतरेल. खर्च वाढतो हे यातले एक विधान खरे आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या किरणोत्साराची काळजीही रास्त आहे. बाकीची विधाने तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

पहिला मुद्दा जंतूंचा. किरणोत्साराने निर्जंतुकीकरण होते, पण किती मात्रेने, हा खरा प्रश्न आहे. ट्रॉम्बे येथील आयसोमेड प्रकल्पात १९७४ पासून वैद्यकीय साधने कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात आणि अशा कामासाठी सर्वमान्य मात्रा २५,००० ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) इतकी आहे. टेक्नेशियम-९९एम या स्कॅनसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या कुपीत भरपूर, म्हणजे १० मिलिलिटरला एक क्युरी, इतकी किरणोत्सारिता धरून हिशेब केला, तरी सहा तासांत त्या द्रावाला मिळणारी मात्रा दोनशे ग्रेच्या आसपास येते. म्हणजे गरजेपेक्षा ती शंभर पटींहून कमी आहे. विषाणूंच्या बाबतीत तर ही आशा आणखीच फोल आहे.

ती किती फोल आहे, हे अमेरिकेतील मेरीलँड राज्यात दिसून आले, आणि ‘काही बिघडले नाही’ या दाव्याचे उत्तरही तेच आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथे हृदयाच्या स्कॅनसाठी टेक्नेशियमयुक्त सेस्टामिबीचे इंजेक्शन घेतलेल्या १६ रुग्णांना हेपॅटायटिस सी झाला. हे रुग्ण वेगवेगळ्या दवाखान्यांतले होते, पण औषध एकाच अणुऔषधालयातून, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करून पुरवणाऱ्या औषधालयातून, आले होते. आदल्या दिवशी त्याच औषधालयात एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या एका रुग्णाचे रक्त पांढऱ्या पेशींना किरणोत्सारी खूण लावण्यासाठी हाताळले गेले होते. विषाणूचा माग काढता काढता तपास त्या रक्तापर्यंत पोहोचला. हृदयाची तपासणी करून घ्यायला आलेली ही माणसे यकृताचा आजार घेऊन घरी गेली, हे मला विसरता येत नाही. रक्ताचे काम वेगळ्या हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या झोतातील कामाच्या पेटीत), इतर औषधांपासून दूर आणि एका वेळी एकाच रुग्णाचे करावे, हा प्रकरण ८२५ मधला नियम ज्यांना अतिरेक वाटतो, त्यांनी या १६ जणांचा विचार करावा.

आता ज्या गोष्टीमुळे या औषधांना वेगळे नियम लागतात, तिच्याकडे वळतो. इतर इंजेक्शनांच्या बाबतीत कारखाना नमुना घेतो, निर्जंतुकतेची चाचणी करतो आणि निकाल आल्यावर माल सोडतो. ही चाचणी १४ दिवस चालते. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे, म्हणजे दर सहा तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. सकाळी जनरेटरमधून (मॉलिब्डेनम-९९ पासून टेक्नेशियम मिळवून देणाऱ्या उपकरणातून) काढलेले आणि किटमध्ये, म्हणजे त्याला हव्या त्या अवयवाकडे नेणाऱ्या तयार रसायनाच्या कुपीत, मिसळलेले औषध त्याच दिवशी रुग्णाच्या शिरेत जाते, आणि १४ दिवसांत ५६ अर्धायुष्ये उलटून त्यात काहीच उरत नाही. पीईटी स्कॅनच्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य तर ११० मिनिटांचेच आहे. म्हणून या औषधांची निर्जंतुकता औषध देण्यापूर्वी तपासून सिद्ध करता येत नाही. ते बनवणारा हात, हूडमधली हवा, रबरी बुचावर फिरवलेला अल्कोहोलचा बोळा आणि प्रशिक्षणात औषधाऐवजी जंतू वाढवणारा पोषक द्रव भरायला लावून, त्यात जंतू वाढतात का हे पाहणारी परीक्षा यांवरच सगळी भिस्त असते. इथे कार्यपद्धतीचे नियमन वगळले, तर रुग्णाच्या हाती दुसरी कोणतीही हमी उरत नाही.

खर्चाबद्दल बोलायचे, तर हूड, हवेची तपासणी आणि प्रशिक्षण यांना पैसे लागतात, हे मान्यच करायला हवे. मात्र प्रत्येक रुग्णालयाला स्वच्छ कक्ष बांधावा लागतो, हे चूक आहे. एकाच रुग्णासाठी केलेली तयारी पहिल्यांदा सुई टोचल्यापासून एका तासात दिली जात असेल, तर हूडचीही सक्ती नाही. त्याच्या वरच्या पायरीवर वेगळी राखलेली जागा आणि तिथला हूड पुरतो. रात्री अचानक फुफ्फुसाचा स्कॅन करावा लागणाऱ्या लहान रुग्णालयासाठी हीच सवलत महत्त्वाची आहे. शिवाय दरवाढीची मोठी कारणे दुसरीकडे आहेत. कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी मे २००९ ते ऑगस्ट २०१० बंद राहिली आणि जगभर टेक्नेशियमसाठी लागणाऱ्या मॉलिब्डेनम-९९ चा तुटवडा झाला, तेव्हा हे प्रकरण अस्तित्वातही नव्हते. उलट तयारी बिघडली, टेक्नेशियम किटला नीट बांधले गेले नाही, तर ते थायरॉइड आणि जठरात साठते, चित्र निरुपयोगी ठरते, आणि पुन्हा स्कॅन, पुन्हा औषध, पुन्हा किरणोत्सार हा खर्च रुग्णालाच सोसावा लागतो.

कर्मचाऱ्यांच्या किरणोत्साराची काळजी मात्र मला रास्त वाटते. कुपीजवळ घालवलेला प्रत्येक जादा सेकंद मोजला जातो. पण नेमक्या याच कारणासाठी या औषधांना साध्या निर्जंतुक औषधांच्या नियमांतून काढून स्वतंत्र प्रकरण दिले गेले. हातमोज्याखाली मात्रामापक अंगठी घालण्याची आणि हूडमध्ये शिशाचे कवच वापरण्याची मुभा त्यात आहे.

ज्यांना खर्चाचा खरोखर जाच होतो, त्यांनी तक्रार मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेच्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, दरांविरुद्ध करावी. २००८ पासून निदानाच्या किरणोत्सारी औषधाची किंमत बाह्यरुग्ण तपासणीच्या एकत्रित दरात गुंडाळली गेली आहे. २०२५ पासून ठरावीक मर्यादेहून (त्या वर्षी ६३० डॉलर) महाग औषधांना वेगळे पैसे मिळू लागले, पण स्वस्त टेक्नेशियम किट त्या मर्यादेखालीच राहतात. अतिसमृद्ध युरेनियम न वापरता बनवलेल्या टेक्नेशियमला २०१३ पासून दर मात्रेमागे १० डॉलर जादा देण्यात आले होते. तशीच भर निर्जंतुक तयारीसाठीही मागता येईल.