पुन्हा नावांची टक्कर!

या महिन्यात तिसऱ्यांदा! समोरच्या टीमने नवी डब्ल्यूएसडीएल (त्यांच्या वेब सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) पाठवली, मी तिच्यातून जावा कोड बनवणारं डब्ल्यूएसइम्पोर्ट चालवलं आणि बनणाऱ्या कोडमधल्या ऑब्जेक्टफॅक्टरी क्लासमध्ये पुन्हा नावांची टक्कर. का? तर एकाच स्कीमात (डेटाच्या रचनेच्या व्याख्येत) ‘कस्टमर-आयडी’ही आहे आणि ‘कस्टमर_आयडी’ही! जावातलं नाव बनवताना आडवी रेघ आणि अंडरस्कोर दोन्ही गळतात, उरतं एकच नाव. पाठवण्याआधी कुणी एकदा तरी वाचलं का हे?

मग बसा बाइंडिंग फाइल लिहीत, म्हणजे कशाला जावात काय नाव द्यायचं ते हाताने सांगत. त्यात स्कीमातली नेमकी जागा दाखवणाऱ्या एक्सपाथमध्ये एक अक्षर चुकलं की नोडच सापडत नाही. टक्कर आपोआप सोडवणारा ऑटोनेमरिझोल्युशन पर्याय लावला तर एरर जातो, पण कोडमध्ये ‘ॲड्रेस’ आणि ‘ॲड्रेस2’ येऊन बसतात. यातला बिलाचा पत्ता कुठला आणि डिलिव्हरीचा कुठला? कसं कळावं माणसाला? अहो, दोन गोष्टींना दोन धड नावं द्या ना! माझी अख्खी रात्र गेली यात.