लोन काढून फिरतेस का, असं विचारणाऱ्यांना

आज सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे फोटो टाकले. फ्राउएनकिर्शे या चर्चसमोर आम्ही सगळे, उन्हाने लाल झालेले, हातात ब्रेड. पाच मिनिटांत थोरल्या काकांचा मेसेज: "शिकायला गेलीस की सहलीला? लोन बापाच्या डोक्यावर आहे, लक्षात असू दे." खाली आत्याचा अंगठा. मग दोन-तीन जणांचं हसू. बाबांनी वाचलं, काहीच लिहिलं नाही. तेच जास्त लागलं.

गेल्या महिन्यात चुलतभाऊ मित्रांबरोबर मनालीला गेला होता. तोही शिकतोच आहे, त्याचीही फी त्याचे वडीलच भरतात. त्याच्या फोटोंखाली काय होतं? "एन्जॉय कर बेटा." मग मला हिशोब का?

बरं, हिशोबच हवा तर घ्या. इथे येताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या, दरमहा ठरावीकच पैसे देणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागले, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. ते खोलीचं भाडं, विमा आणि किराण्यातच संपतात. फिरण्याचा पैसा माझा आहे, गोदामात रात्रपाळीला खोके उचलून कमावलेला. रेल्वेचा पास सेमिस्टरच्या फीमध्येच येतो आणि त्यावर जर्मनीभरच्या सगळ्या साध्या गाड्या चालतात. वेगवान आयसीई चालत नाही, म्हणून आम्ही चार-चार गाड्या बदलत जातो, ओळखीच्यांच्या खोलीत जमिनीवर झोपतो, रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून अनामतीचे प्रत्येकी २५ सेंटपर्यंत परत घेतो. परीक्षा जुलैअखेर संपल्या. सगळे पेपर दिलेत. ऑक्टोबरपर्यंत वर्ग नाहीत. खोलीत बसून भिंती बघायच्या का?

लोन आहे, खरं आहे. इथे येऊन दोन-दोन सेमिस्टर वाया घालवणारी मुलंही मी पाहिली आहेत. तेवढं मान्य.

पण या उन्हाळ्यात मी काय केलं ते त्या फोटोंत दिसत नाही, म्हणून सांगते.

मी राहते ते केम्निट्स. १९५३ ते १९९० या गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं आणि मार्क्सचं सात मीटर उंच डोकं अजून मुख्य रस्त्यावर तसंच आहे. इथून तासाभरावर लाइपझिग. माझ्या वर्गमैत्रिणीची आजी तिथे राहते, सगळे तिला ओमा म्हणतात. तिने आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही पाच जणी-जणे, त्यात एक कोलंबियाचा, एक इराणची. बटाट्याचं सूप होतं. जेवता जेवता इराणच्या मैत्रिणीने सहज विचारलं, १९८९ मध्ये तुम्ही इथेच होता का? ओमाने ताटल्या बाजूला सारल्या. मिठाची बाटली मधोमध ठेवली, हे निकोलाय चर्च. मेणकापडावर बोट फिरवत ती आम्हाला घेऊन निघाली. इथून चौक, मग स्टेशन, मग गोल रस्ता, आणि हा कोपरा, इथे श्टाझीचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं कार्यालय.

९ ऑक्टोबर १९८९, सोमवार. तेव्हा हा भाग कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होता. सत्तर हजारांच्या आसपास माणसं सरकारविरुद्ध त्या रस्त्यावर उतरली. गावात बोललं जात होतं की आज गोळीबार होणार, दवाखान्यांत खाटा रिकाम्या करून ठेवल्यात. त्याच जूनमध्ये बीजिंगमध्ये आंदोलकांवर गोळ्या चालल्या होत्या, ते सगळ्यांना माहीत होतं. ओमा घरातून निघाली तेव्हा माझ्या मैत्रिणीची आई अकरा वर्षांची होती. ओमाने तिला शेजारणीकडे सोडलं, हातात घराची किल्ली दिली आणि बहिणीचा पत्ता लिहिलेला कागद दिला. मी परत आले नाही तर हिला तिकडे पोहोचव.

गोळी चालली नाही. बरोबर महिन्याने, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

माझ्या मैत्रिणीला भिंतीची गोष्ट लहानपणापासून माहीत होती, पण ती किल्ली आणि तो कागद तिनेही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पाच वेगळ्या देशी वाढलेली पोरं एका टेबलाशी बसली, म्हणून कुणीतरी प्रश्न विचारला. एकटी गेले असते तर निकोलाय चर्चचा फोटो काढून परत आले असते.

त्यानंतर प्रत्येक गावात मी तेच शोधत राहिले. वायमारमध्ये गटे आणि शिलर या जर्मन कवींचा पुतळा आणि तिथून बसने थोड्याच अंतरावर बुखेनवाल्डची नाझी छळछावणी, जिथलं फाटकावरचं घड्याळ सव्वातीनला थांबवून ठेवलंय. ड्रेस्डेनची ती फ्राउएनकिर्शे, फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलेली, २००५ मध्ये पुन्हा उभी राहिलेली. भिंतीतले काळे दगड जुने, पांढुरके नवे, आणि कळसावरचा सोनेरी क्रूस ज्या इंग्रज कारागिराने घडवला त्याचे वडील त्याच हल्ल्यातल्या विमानाचे वैमानिक होते. काका, त्या फोटोत आमच्या मागे तो क्रूस आहे. झूम करून बघा.

सगळं गोड नाही इथे. ट्राममध्ये रोखून बघणारी माणसं भेटतात, एकदा ऐकवलंही गेलंय. हेही मान्य.

पण ओमाने मला त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं. तुझ्या आजीने काय काय पाहिलंय? मला काहीच सांगता येईना. आमची आजी आटपाडीची, आयुष्यभर चुलीपुढे, एवढंच माहीत होतं. त्या रात्री केम्निट्सच्या गाडीतून घरी फोन लावला. तिकडे पहाट होत आली होती आणि आजी नेहमीसारखी उठलेली होती. म्हटलं, आजी, बहात्तरच्या दुष्काळात तू काय करत होतीस? आधी "आता कशाला ते" म्हणाली. मग अर्धा तास बोलली. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. बाबा पाळण्यातले, त्यांना झाडाला झोळी बांधून ठेवायची. मजुरीतून मिलो ज्वारी आणायची, तिच्या भाकरी तांबड्या आणि घशाखाली न उतरणाऱ्या. आणि मधल्या सुट्टीत सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, ती घ्यायला थोरला रांगेत उभा राहायचा आणि आपली अर्धी आईसाठी ठेवायचा.

थोरला म्हणजे काका.

आता हे लिहिताना सकाळचा राग तेवढा राहिला नाही. ज्याने सुकडीच्या रांगेत उभं राहून बालपण काढलं त्याला कर्ज या गोष्टीची धास्ती वाटणारच. विमानतळावर माझ्या मुठीत पाच हजार कोंबणारेही काकाच होते. पण काका, लोनची काळजी मी समजू शकते, "बेटा"ला एक नियम आणि मला दुसरा, हे नाही समजू शकत. ओमाने पोरीला शेजारणीकडे ठेवून मोर्चा गाठला, आजीने झोळी झाडाला बांधून हातोडा उचलला. त्यांना कुणाच्या परवानगीला थांबायला वेळ नव्हता.

आणि कर्जाचंच म्हणाल तर इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला आल्या त्या कर्जावरच, काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या. सासऱ्यांचा, म्हणजे प्रत्यक्ष महर्षी कर्व्यांचा विरोध होता. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक, तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक; त्यांचं म्हणणं होतं की कवटीच्या दोन बाजूंतली असमानता वंशावरून बदलते. बाईंनी कवट्या मोजल्या, तसं काही आढळत नाही असं त्यांच्याच संस्थेत बसून प्रबंधात लिहिलं आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेतली. ती इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे, डालेम भागात, इनेश्ट्रासे २२. शनिवारी आम्ही तिथे चाललोय.

ऑक्टोबरमध्ये इकडे येणाऱ्या मुलींनो, रेल्वेचा पास फीमध्ये असेल तर पहिल्याच आठवड्यात फोनवर घेऊन ठेवा, आणि लाइपझिगला यायचं असेल तर मला मेसेज करा. ओमाने सांगितलंय, कुणालाही आण, फक्त आदल्या दिवशी कळव.