आईला ती साडी उन्हात बघायची होती

आज लक्ष्मी रोडला भाच्याच्या मुंजीसाठी साडी बघत होते. सहावी साडी उघडायला सांगितली तर सेल्समन म्हणतो, "मॅडम, जेन्ट्सचं बरं असतं, दहा मिनिटांत मोकळे." शेजारी बसलेले दोन नवरे लगेच हसले. माझं डोकंच फिरलं.

अहो, होणारच ना दहा मिनिटांत! शर्ट 40, कंबर 34, सांगितलं की संपलं, पँट लांब झाली तर बऱ्याच ठिकाणी दुकानवालाच कापून देतो. आमच्याकडे एका दुकानातला एल दुसऱ्या दुकानात दंडात अडकतो, आणि साडेपाच मीटरची साडी घेतली की खरं काम तिथून पुढे, फॉल-पिको, मॅचिंग परकर, ब्लाउजसाठी टेलरकडे खेपा. चुकली तर कपाटात पडून राहते.

आईची राहिली तशी. मावशीच्या लग्नाला तिला मोरपंखी हवी होती. ट्यूबलाइटखाली रंग नीट कळेना म्हणून ती साडी घेऊन दाराशी निघाली, उन्हात बघायला. बाहेर बाबा स्कूटर चालू ठेवून. "अगं किती वेळ, घे ना कुठलीही!" ती दारातूनच मागे फिरली, पैसे दिले. घरी खिडकीत उघडली तर चक्क निळी. काही बोलली नाही, घडी घालून ठेवून दिली.

आणि बाबांचे शर्ट कोण आणायचं? आईच. त्यांच्या बनियनचा नंबर तिला आजही पाठ आहे. अख्ख्या घराची खरेदी बाईने करायची आणि वर तिलाच वेळखाऊ म्हणायचं, हे कुठून आलं?

बरं, मान्य, काहीजणी पन्नास साड्या उघडायला लावून तशाच उठतात, घड्या त्या पोराला घालाव्या लागतात. ते चूकच.

बाबाही वाईट नव्हते हो. सम-विषम पार्किंग, गाडी उचलून नेतील ही धास्ती. पण पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं थांबले असते तर. ती निळी साडी आईने दोनदाच नेसली.

आज माझ्यासाठी काही घेतलंच नाही. एक मोरपंखी निवडली, दाराशी नेली, उन्हात पदर उलटून पालटून बघितला. सेल्समन मागे येऊन उभा राहिला, राहू दे. हिरव्यात निळं बरोब्बर मिसळलंय. संध्याकाळी आईकडे नेऊन देते.