दीड वीत वायर

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका काकांनी माझ्या डोळ्यांदेखत दहा रुपयांत एक वायर नेली. आज गुरुवार. ती अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

वायर कसली, ते सांगायला हवं. १९९८ सालातला गेम खेळायचा काँप्युटर जुळवायचा तर त्यात व्हूडू टू हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं) हवंच. हे कार्ड फक्त थ्रीडी काढतं. साधा डेस्कटॉप दाखवणं त्याच्या शानच्या खाली. त्यासाठी दुसरं टूडी कार्ड बसवायचं, त्याच्या पाठीतून एक आखूड वायर काढून व्हूडूच्या एका तोंडात घालायची आणि व्हूडूच्या दुसऱ्या तोंडातून मॉनिटरला जायचं. गेम सुरू झाला की व्हूडू टूडीची वाट अडवून आपलं चित्र पुढे पाठवतं. ती दीड वीत वायर म्हणजे या संसारातली सासर-माहेरची वाट.

कार्ड मला तीनशेला मिळालं होतं. मी ते उन्हात धरून मेमरीच्या चिपा मोजत होतो (८ एमबीचं की १२ एमबीचं, हे त्यावरून कळतं), तेवढ्यात शेजारच्या चार्जरच्या गुंत्यातून काकांनी वायर ओढली.

"दोन्हीकडे स्क्रू," काका म्हणाले. मला नव्हे, वायरीला.

"काका, ती या कार्डाबरोबरची आहे."

"बांधलेली होती का?"

"नाही, पण..."

"मग बरोबरची कशी?"

मी विचारलं, तुम्हाला कशाला हवी?

"डिकीला. कुलूप बिघडलंय, खड्ड्यात गेलं की झाकण उघडतं. सुतळी पावसात कुजते, तार गंजते. हे बघा, वरून रबर, आत तांबं, टोकाला स्क्रू. असा माल आता निघत नाही. तुम्हाला कशाला?"

"काँप्युटरला."

"काँप्युटरला वायर? आमच्या नातवाचं सगळं हवेतून चालतं."

"जुना काँप्युटर आहे, १९९८चा."

"चालतोय?"

"अजून जुळवतोय."

"म्हणजे नाहीये." काका विक्रेत्याकडे वळले. "यांच्याकडे काँप्युटर नाहीये. माझ्याकडे स्कूटर आहे. तिकडे उभी आहे, दाखवतो."

विक्रेत्याला हा मुद्दा पटल्यासारखा दिसला. मी घाईने म्हणालो, "पन्नास देतो." विक्रेत्याचा चेहरा उजळला. काकांचा नाही.

"लिलाव आहे का हा? मला दहा सांगितलेत तुम्ही." आणि मग त्यांनी मलाच साक्षीला काढलं. "काय हो, सांगितले की नाही दहा?"

सांगितले होते. मी ऐकले होते. खोटं बोलायला जीभ रेटेना. "सांगितले," मी म्हणालो. काकांनी दहाची नोट ठेवली, वायर खिशात कोंबली आणि जाता जाता मला म्हणाले, "तुम्ही आधी काँप्युटर घ्या."

आता मला सांगा, मी दुसरं काय करतोय? पण हा काँप्युटर 'घेता' येत नाही. त्याचं स्थळ जुळवावं लागतं, आणि प्रत्येक स्थळात खोट निघते. मदरबोर्ड इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा (बोर्डाचा कारभार बघणाऱ्या चिपांचा) घ्यायचा, कारण त्यात एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट, आहे आणि जुन्या साउंड कार्डासाठी आयएसए स्लॉटही सापडतो. त्यावर सेलेरॉन ३००ए. हा प्रोसेसर मुळात ६६ मेगाहर्ट्‌झच्या बसवर (बोर्डाशी बोलायच्या वाटेवर) साडेचार पटीने, म्हणजे ३०० वर, चालतो. बस १०० केली की तोच ४५० वर पळतो, आणि बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. १९९८ साली लोक यावर खूश होते, मी आजही आहे.

खोट रॅममध्ये. २५६ एमबीची पट्टी स्वस्त मिळाली म्हणून नाचू नका, चिपा मोजा. आठच चिपा असतील तर बीएक्सला तिच्यातली अर्धीच मेमरी दिसते, कारण तेवढ्या दाट चिपा त्याला वाचता येत नाहीत. दोन्ही बाजूंना मिळून सोळा हव्यात. विक्रेता म्हणणार, "साहेब, पट्टी ती पट्टी." पट्टी ती पट्टी नसते. आणि हौसेने एक जीबी भरलीत, तर विंडोज ९८ चालू होताना मेमरी *अपुरी* आहे म्हणून रडू शकतं. ५१२ एमबीच्या पुढे गेलात की सिस्टिम.आयएनआय फाइल उघडून व्हीकॅशला (विंडोजच्या डिस्क-कॅशला) लगाम घालावा लागतो. त्यापेक्षा २५६ मध्ये सुखाने राहा, त्या काळात तेवढी श्रीमंतांकडेही नसायची.

बोर्ड हातात घेतला की कपॅसिटरची (उभ्या नळकांड्यांची) डोकी बघायची. सपाट हवीत, टम्म फुगलेलं किंवा वर तपकिरी कीट जमलेलं असेल तर बोर्ड खाली ठेवायचा. पॉवर सप्लाय नवा घ्यायचा, पण लेबल वाचून. आजचे सप्लाय सगळी ताकद १२ व्होल्टवर ठेवतात, हे जुने बोर्ड मात्र ५ व्होल्टवर जगतात. त्या रकान्यात २० अँपियर तरी हवेत. चोवीस पिनांचं तोंड वीस पिनांच्या बोर्डावर बसतं, चार पिना बाहेर लोंबतात, लोंबू द्या. हार्ड डिस्क ३२ जीबीच्या आतली बरी. त्याहून मोठी लावली की त्या वेळचे काही बायोस, म्हणजे बोर्डातले सुरुवातीचे प्रोग्राम, डिस्क ओळखतानाच गोठतात आणि आपण केबलला शिव्या घालत बसतो.

पण हे सगळं मिळतं. मिळत नाही ते चिल्लर सामान. कार्ड कोणी फेकत नाही, 'त्यात सोनं असतं' म्हणून दहा वर्षं माळ्यावर ठेवतात. वायर मात्र पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत जाते. सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणारी चार पिनांची बारीक वायर घ्या. ती नसेल तर 'क्वेक' चालतो, बंदुकीचे आवाज येतात, संगीत येत नाही; कारण संगीत सीडीवर गाण्यांसारखं वेगळ्या ट्रॅकमध्ये आहे आणि ते या वायरीतूनच कार्डाकडे येतं. माणूस तीन दिवस ड्रायव्हर बदलत बसतो.

व्हूडूच्या वायरीला पर्याय आहे, मान्य. पंधरा पिनांची, दोन्हीकडे मेल (पिना बाहेर असलेलं) तोंड असलेली मॉनिटरची कुठलीही वायर चालते. तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, विचारलं. दीड मीटरची होती. "आखूड नाही?" म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अर्धा डोसा मागितला. घेतली. तिचं वेटोळं कॅबिनेटमागे अजगरासारखं पडलंय, आणि आतला माल इतका बारीक, की १०२४ बाय ७६८ वर डेस्कटॉपच्या प्रत्येक अक्षराशेजारी त्याचं भूत उभं राहतं. व्हूडूचा यात काही दोष नाही, तरी बोलणी त्यालाच बसतात.

काल बुधवार, म्हणजे पुन्हा बाजार. सीडीची वायर मिळते का बघायला गेलो. कडेला ती स्कूटर उभी होती. ओळखायला वेळ लागला नाही, डिकीला माझी वायर होती. दोन्ही टोकांचे स्क्रू तसेच लोंबत होते. काकांनी नुसती गाठ मारली होती.