फ्रीजमध्ये लॅपटॉप आणि वर हेअर ड्रायर: त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

गेल्या पावसाळ्यात मिरजेहून बहिणीचा फोन. "दादा, ह्यानं लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवलाय, दह्याच्या पातेल्याशेजारी, आणि मी काढाय गेले तर म्हणतोय अजून सात मिनिटं राहिल्यात." ह्यानं म्हणजे माझ्या भाच्यानं, दहावीतला. मी म्हटलं फोन त्याच्याकडं दे. तर म्हणतो, "मामा, ग्रुपवर आलंय, सगळे करतात." तो ग्रुपवरचा मेसेज त्यानं मला पाठवला आणि तेव्हापासून तो आणखी चार जणांकडनं माझ्याकडं आलाय, त्यातला एक तर आमच्या ऑफिसातल्या साहेबांकडनं. म्हणून आता एकदाच लिहितो, परत कुणी पाठवला की हेच चिकटवणार.

मेसेज असा: 'जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, कंपन्या तुमच्यापासून लपवतात ते सात उपाय.' रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांची यादी) जाऊन ग्राफिक्स मेमरी २ जीबी करा. एमएसकॉन्फिगमधे (विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवणारी खिडकी) जाऊन प्रोसेसरचे सगळे कोअर 'अनलॉक' करा. गरम होत असेल तर पिशवीत घालून २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. स्क्रीनवर रेघा येत असतील तर ग्राफिक्स चिपवर हेअर ड्रायर मारा. डिफेंडर (विंडोजचं अँटीव्हायरस) आणि अपडेट बंद करा. खालच्या लिंकवरून ड्रायव्हर बूस्टर (ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, ताजं करणारं ॲप) उतरवा. चार्जर लावून खेळा आणि रॅम वाढवा.

तिसरा उपाय थंड करा म्हणतो, चौथा तापवा म्हणतो, आणि एकाच मेसेजमधे हे दोन्ही वाचून कुणालाच काही खटकत नाही, ह्याचंच मला नवल वाटतं.

फ्रीजचं आधी, कारण नुकसान तिथंच होतं. जुलैत आपल्याकडं हवा २७ अंश आणि दमटपणा ८५ टक्के धरा. अशा हवेत जी वस्तू साधारण २४ अंशाच्या खाली असेल तिच्यावर पाणी धरतं. फ्रीजमधली पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो ना, तेच. फ्रीजमधनं गार होऊन आलेला लॅपटॉप म्हणजे तीच बाटली, फक्त घाम मदरबोर्डवरबी फुटतो, जिथं तुम्हाला दिसत नाही. पिशवीनं फ्रीजमधली ओल अडते, पण खेळायला पिशवी काढावीच लागते, आणि चालू केला की पंखा ती दमट हवा आत ओढतोच. लॅपटॉपच्या मॅन्युअलमधे आर्द्रतेच्या आकड्यापुढं 'नॉन-कंडेन्सिंग' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच, की आत पाणी धरता कामा नये. आणि एवढं करून मिळतं काय? आतली तांब्याची नळी आणि पत्र्या बोटभर, गेम चालू झाला की पाच-दहा मिनिटांत परत तापणार. भाच्याच्या लॅपटॉपचं नशीब चांगलं, कीबोर्डातली तीन बटणं चालेनात, ती दोन दिवसांनी आपोआप चालू झाली. मी त्याला दोन दिवस लॅपटॉप चालूच करू दिला नव्हता, एक्स्टर्नल कीबोर्ड लावून पण नाही, त्यावर जे तोंड झालं होतं ते सोडा.

हेअर ड्रायरचं तर्कट असं की चिपखालचे सोल्डरचे टाके सुटलेत, ते गरम केले की परत बसतात. आता लॅपटॉपमधलं बिनशिशाचं सोल्डर वितळतं २१७ अंशाच्या आसपास. घरातला ड्रायर तिथवर जात नाही, पण आजूबाजूचं प्लॅस्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. आणि भाच्याच्या लॅपटॉपमधे वेगळी ग्राफिक्स चिप आहेच कुठं? २०१४ सालचा इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आहे त्यात, ४२१०यू, त्याचं एचडी ४४०० ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात. ड्रायर मारायचा कुणावर?

बरं, गरम का होत होता, ते बघू. हा लॅपटॉप आधी दाजींच्या अडत दुकानात होता, सांगलीच्या मार्केट यार्डात. सात वर्षं हळदीच्या पोत्यांशेजारी. मी मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि जाळीच्या मधे पिवळा नमदा, अक्षरशः बोटानं सोलून निघाला, आणि वास असा की बहीण म्हणाली आमटीत टाकू का. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता नळीकडं नेणारा लेप, वाळून खडूसारखी झालेली. उघडायच्या आधी टेंपरेचर बघून ठेवलं होतं, गेममधे ९८. ह्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, तिथं पोचायला लागला की तो स्वतःच वेग उतरवतो, म्हणून पहिली दहा मिनिटं गेम बरा आणि मग अडकत अडकत. साफ करून नवी पेस्ट लावल्यावर तोच गेम, तेवढाच वेळ, ७९. ओळखायची खूण सांगतो: आधी बरा चालून मग अडकत असेल तर उष्णता बघा, पहिल्या सेकंदापासनंच रडत असेल तर मेमरी किंवा ग्राफिक्सची ताकदच कमी.

आता रजिस्ट्री. इंटेलच्या की-खाली जीएमएम नावाची की करायची, त्यात डेडिकेटेड सेगमेंट साइझची व्हॅल्यू टाकायची, आणि मग विंडोज १२८ एमबीऐवजी मोठा आकडा दाखवतं. दाखवतं एवढंच. ह्यावर माझं म्हणणं नको, इंटेलच्याच सपोर्ट पानावर ग्राफिक्स मेमरीबद्दल सरळ लिहिलंय की ह्या चिपांना स्वतःची वेगळी मेमरी नसते, त्या रॅममधनंच लागेल तशी घेतात आणि परत करतात, आणि विंडोज १० मधे वरची मर्यादा साधारण निम्मी रॅम. म्हणजे ४ जीबी रॅम असेल तर जवळपास २ जीबी आधीच मिळतीय. टास्क मॅनेजर उघडा, जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सवर) जा, 'शेअर्ड' पुढं आकडा बघा. जे आधीच आहे ते मिळवायला रजिस्ट्री कशाला उकरायची? पण खोटं बोलणार नाही, काही गेम सुरू होताना तो आकडा बघून 'मेमरी अपुरी' म्हणून उघडतच नाहीत, त्यांना ह्यानं फसवता येतं. उघडतात. पळतात का, ते वेगळं.

एमएसकॉन्फिगचं गणित तर उलटंच. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं, तिथला प्रोसेसरच्या संख्येचा चौकोन ते कमी करण्यासाठी आहे, तपासणीपुरता. भाच्यानं कुठंतरी वाचलं की आपला ड्युअल कोअर, म्हणून तिथं २ निवडलं. ह्या प्रोसेसरला कोअर २, पण थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा, ४ आहेत, आणि त्या चौकोनात थ्रेड मोजतात. म्हणजे गड्यानं निम्मा प्रोसेसर स्वतःच्या हातानं बंद केला आणि मला म्हणतोय, "मामा, थोडं फास्ट वाटतंय."

डिफेंडर बंद करून अनोळखी लिंकवरचा बूस्टर उतरवायचा हे दोन उपाय एकापाठोपाठ का दिलेत, ते शहाण्यानं ओळखावं. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. असल्या मशीनचा तेवढाच पहारेकरी काढून टाकायचा?

ड्रायव्हर नवा पाहिजे हे ऐकायला बरोबर वाटतं, पण जुन्या लॅपटॉपला ते नेहमी लागू नाही. ह्याच चौथ्या पिढीच्या ग्राफिक्सवर इंटेलनं १५.४०.४४.५१०७ ह्या ड्रायव्हरपासनं सुरक्षेच्या कारणानं डायरेक्टएक्स १२ (गेमला ग्राफिक्सशी बोलायला लागणारी विंडोजची सोय) बंद केलंय. म्हणजे एखादा गेम काल उघडत होता आणि अपडेट केल्यावर उघडेना झाला, तर लॅपटॉप बिघडला नाही, कारण हे असू शकतं. तो गेम डायरेक्टएक्स ११ वर चालत असेल तर तसा लावा. आणि ड्रायव्हर घ्यायचा तर आधी लॅपटॉप कंपनीच्या पानावरनं, मग इंटेलच्या.

राहिला सातवा. बरोबर आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला कारण माहीत असेल असं वाटत नाही, पण बरोबर आहे. बॅटरीवर लॅपटॉप वीज वाचवायला वेग कमी ठेवतो. आणि रॅमचं तर पोत्यानं खरं, कारण ग्राफिक्स तिच्यावरच जगतंय: ४ जीबीची एकच रॅम होती, दुसऱ्या खाचेत तेवढीच अजून टाकली की मेमरी दुप्पट होते आणि दोन वाटांनी माल येतो. जुन्या बाजारात ५०० ला मिळाली. फक्त घेताना डीडीआर३ च्या पुढं 'एल' आहे का बघा, ह्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची लागते, साधी १.५ ची बसते खाचेत पण मशीन उठायची नाही.

शिवाय मेसेजमधे कुठंच नाही ते: रिझोल्यूशन. १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाख ठिपके, ८०० बाय ६०० म्हणजे ४ लाख ८० हजार. निम्म्याहून कमी काम. चित्र जरा ढोबळ दिसतं, पण चालतं.

आता भाच्याचा जीटीए ५ गेम सेकंदाला तीसेक फ्रेमवर चालतोय. अजून एक होतं, जोरात गाडी हाणली की पुढचा रस्ताच गायब होतो आणि गाडी हवेतनं पळते. ते ग्राफिक्सचं नाही, आत अजून जुनी, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क आहे, ती रस्ता वेळेत आणून देत नाही. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, दिवाळीला घेऊ म्हटलंय. तोवर रस्ता गेला की तो ब्रेक मारून थांबतो, रस्ता आला की निघतो.